वादळात शेजारी सांभाळायचा तो कोणत्या क्रमाने: खान्देशातील गल्ल्या, मळे आणि नदीकाठासाठी मार्गदर्शन

खान्देशात वादळाच्या वेळी मदतीला माणसे कमी पडत नाहीत. चुकतो तो क्रम. एका घराचे पत्रे उडाले की गल्लीतील दहा जण त्याच घरी धावतात, आणि त्याच गल्लीत एकट्या राहणाऱ्या आजींचे दार रात्रभर कोणीच वाजवत नाही, कारण प्रत्येकाला वाटते की दुसरा कोणीतरी जाऊन आला असेल. आमच्या गल्लीत असे एकदा घडले आहे. आजी सुखरूप होत्या, पण ओल्या गोधडीवर पहाटेपर्यंत बसून होत्या आणि त्यांच्या घरापासून माझा ओटा वीस पावलांवर आहे. त्यानंतर आम्ही कामे ज्या रीतीने वाटून घेतली आणि ती करताना ज्या चुका झाल्या, त्या इथे क्रमाने लिहीत आहे.

## १. आधी ओळखा: वावधान की पुराचे वादळ

एप्रिल ते जून या काळात, दिवसभराच्या उकाड्यानंतर दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी सुटणारे वावधान हे आपल्याकडचे नेहमीचे संकट आहे. आधी धुळीचा लोट, मागोमाग वारा, विजा, कधी गारा, आणि बहुतेक वेळा तासाभरात सगळे संपलेले असते. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर भागांत घडावर आलेली केळी याच वाऱ्यात मोडून पडते. असे वादळ सुरू झाल्यावर तयारीला अवधी मिळत नाही, म्हणून पुढील पहिले तीन टप्पे मार्च संपण्याआधी पूर्ण झालेले हवेत.

दुसरा प्रकार म्हणजे समुद्रावरून आलेल्या वादळाचे जमिनीवर उरलेले अंग. ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ किनाऱ्यावर आलेले निसर्ग चक्रीवादळ क्षीण होत उत्तर महाराष्ट्राच्या दिशेनेच सरकले होते. ऑगस्ट-सप्टेंबरात बंगालच्या उपसागरातून येणारी कमी दाबाची क्षेत्रे वाऱ्यापेक्षा पाण्याने जास्त त्रास देतात. तापीला पाणी बऱ्हाणपूरकडून येते आणि पूर्णेचे पाणी विदर्भातून येऊन चांगदेवजवळ तिला मिळते. त्यामुळे आपल्या अंगणात थेंब पडलेला नसतानाही हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी अनेक दरवाजे उघडावे लागू शकतात. लहान नद्यांचे वागणे याहून वेगळे असते. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचे पाणी वस्तीत शिरले, ते जवळपासच झालेल्या अतिवृष्टीमुळे.

वावधानात माणसाला घरात ठेवायचे असते आणि पुरात घराबाहेर काढायचे असते. दोन्हींना एकच नियम लावणे ही पहिली मोठी चूक आहे.

## २. यादी माणसांची करा, घरांची नव्हे

दहा ते पंधरा घरांचा एक गट धरावा. त्याहून मोठा गट केला की कोणालाच कोणाची नीट माहिती राहत नाही. ग्रामपंचायतीत घरांची यादी असते, परंतु आपल्याला हवी असते ती रात्री अकरा वाजता कोण कुठे झोपलेले असते याची यादी. प्रत्येक घरासमोर पुढील गोष्टी लिहाव्यात: रात्री झोपणारी माणसे किती, त्यांपैकी चालता न येणारे कोण, इन्शुलिन किंवा ऑक्सिजनवर कोण आहे, गरोदर बाई असल्यास कितवा महिना, छप्पर स्लॅबचे, पत्र्याचे की धाब्याचे (सपाट मातीचे), गुरे किती आणि वावरात राखणीला कोण जाते.

ही माहिती पुरुषांनी वही घेऊन दारोदार फिरून मिळत नाही. दारात उभे राहून विचारले की सगळे "आमचं ठीक आहे" एवढेच सांगतात. आमच्याकडे ती बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, दिवसांत मिळाली. उन्हाळ्यात भल्या पहाटे पाच-सात बायका एका घरी जमतात, ज्वारीच्या पिठाचा घाटा शिजतो, ओल्या फडक्यावर बिबडे थापले जातात आणि ऊन चढायच्या आत ते गच्चीवर पसरले जातात. कोणाच्या सासूबाईंना रात्री उठवत नाही, कोणाची सून सातव्या महिन्यात माहेरी आली आहे, कोणाच्या घरी कर्ता पुरुष सुरतेला कामाला आहे, हे त्या तीन तासांत सगळे कळले. एका मुलीने ते वहीत उतरवले आणि यादी एका सकाळी पूर्ण झाली.

आता यादीत हमखास सुटणारी माणसे. वावरातल्या झोपडीत राहणारा सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतमजूर) आणि त्याचे कुटुंब, ज्यांत सातपुड्यातून आलेली पावरा आणि बारेला कुटुंबे पुष्कळ असतात, गावातल्या कोणत्याच गल्लीत मोडत नाही. पडीक जमिनीवर वाडा बसवून थांबलेले ठेलारी मेंढपाळ, गुरे घेऊन आलेले काठेवाडी, वीटभट्टीवरचे मजूर, हेही तसेच. सर्वांत कच्चे छप्पर यांच्याच डोक्यावर असते आणि इशारा सर्वांत शेवटी त्यांनाच कळतो. ज्याच्या वावरात झोपडी आहे, त्या शेतकऱ्याच्या गटात त्या कुटुंबाची नावे घालावीत. याबाबत मी आग्रही आहे, कारण मालक गावात स्लॅबखाली सुरक्षित आणि सालदाराची लेकरे प्लास्टिकच्या कागदाखाली, असे होणे ही शेजारधर्मातली उणीव आहे.

तपासणी: यादी गटासमोर मोठ्याने वाचावी. "आमच्याकडे राखणीला जाणारा राहिला" असे कोणीतरी म्हणतेच. यादीच्या दोन कागदी प्रती ठेवाव्यात. मोबाईलमधली यादी चार्जिंग संपले की कोणाच्याच कामाची राहत नाही.

## ३. प्रत्येक जोखमीच्या घराला जोडघर ठरवा

यादीतील ज्या घराला मदत लागणार, त्याला एक मुख्य जोडघर आणि एक पर्यायी जोडघर नेमून द्यावे. जोडघर हाकेच्या अंतरावरचे हवे. नातेवाइकाला नेमण्याचा मोह होतो, पण गावाच्या दुसऱ्या टोकाचा भाचा वादळात पोहोचू शकत नाही, भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी पोहोचतो. दोन घरांतले बोलणे बंद असेल तर तेही आधीच लक्षात घ्यावे आणि त्यांची जोडी लावू नये.

नेमणूक करून थांबू नये. त्या माणसाला समोर बसून सांगावे. "आजी, वारा सुटायच्या आधी मी तुम्हाला न्यायला येईन. माझी हाक ऐकू आली की कडी काढा, बाकी काही आवरत बसू नका," एवढे स्पष्ट बोलणे झालेले असले की ऐन वेळी वाद होत नाही.

घर सोडायला नकार देणारा एखादा वृद्ध प्रत्येक गटात असतो. बहुधा त्याचा जीव बैलांत किंवा धान्याच्या कोठीत अडकलेला असतो. त्याच्याशी दारात हुज्जत घालण्यात वेळ दवडू नये. "जिभाऊ, बैल आधी आमच्या गोठ्यात बांधतो, तुम्ही दावं धरून चला," असे म्हणून जनावर पुढे काढले की माणूस मागोमाग येतो. हा उपाय माझ्या अनुभवातला आहे.

## ४. साहित्य आणि किल्ल्या

प्रत्येक घराने सगळे विकत घेण्याची गरज नाही. गटात मिळून दोन जाड ताडपत्र्या, दोन लांब नाडे (जाड दोर), पहार, टिकाव, फावडे, कुऱ्हाड, करवत, गाडीचा जॅक, चार टॉर्च, शिट्ट्या आणि मलमपट्टीची पेटी एवढे असले तरी पुरते. कोणती वस्तू कोणाच्या घरी आहे हे यादीच्या मागील पानावर लिहावे.

किल्लीचा प्रश्न मात्र क्षुल्लक समजू नये. आसऱ्याची जागा म्हणून शाळा किंवा समाजमंदिर ठरवले जाते आणि ऐन रात्री कळते की किल्ली ज्यांच्याकडे आहे ते तालुक्याला राहतात. परवानगी घेऊन किल्लीच्या दोन जादा प्रती गावातच दोन घरी ठेवाव्यात, आणि त्या कुलपाला लागतात का हे लावून पाहावे.

सावधान: पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड किंवा जुने टायर ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे. जोराच्या वाऱ्यात पत्रा उचलला गेला की तोच दगड घरातल्या माणसावर पडतो. पत्रे हुक-बोल्टने आढ्याला आवळावेत आणि कडेच्या पत्र्यांवरून तार ओढून ती भिंतीत पक्की करावी. गटातील ज्या घराला हा खर्च झेपत नाही, त्याच्या छताचे काम सर्वांनी मिळून एका रविवारी करावे. ते वादळानंतरच्या मदतीपेक्षा स्वस्त पडते.

## ५. इशारा मिळाल्यावर काय आधी, काय नंतर

हवामान खात्याचा पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा. विजेसाठी 'दामिनी' ॲप गटातील किमान दोघांच्या मोबाईलमध्ये असावे. नारिंगी इशारा आला की कामे या क्रमाने करावीत.

पहिले काम, चालता न येणाऱ्यांना दिवसाउजेडी पक्क्या घरात हलवणे; त्यांची औषधे आणि चष्मा बरोबर घेणे. दुसरे, वावरातल्या झोपड्यांना निरोप देणे आणि तो पोहोचल्याची खात्री करणे. फोन लागत नसेल तर मोटारसायकलवर माणूस पाठवावा. तिसरे, गुरे. ती झाडाखाली किंवा खिळखिळ्या पत्र्याच्या गोठ्यात बांधू नयेत आणि दाव्याला निरगाठ मारू नये. सुरगाठ मारावी, म्हणजे एका हिसक्यात सुटते. चौथे, गच्चीवरच्या आणि अंगणातल्या वस्तू. पाचवे, पिण्याचे पाणी भरणे, मोबाईल चार्ज करणे, आधार कार्ड, रेशन कार्ड आणि पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत बांधणे.

लोक हा क्रम नेमका उलटा करतात. आभाळ भरून आले की पहिली धाव गच्चीवरच्या बिबड्यांकडे आणि कपड्यांकडे जाते, आणि वारा सुटला तरी बाई वरच असते. इशाऱ्याच्या दिवशी सकाळी वाळवण घालूच नये. घातले असेल आणि गडगडाट ऐकू आला असेल, तर ते जाऊ द्यावे.

## ६. वादळ सुरू असताना

या टप्प्यात शेजाऱ्याला करण्याची सर्वांत मोठी मदत म्हणजे आपण स्वतः बाहेर न पडणे, कारण जखमी झालेला मदतनीस हे गटावरचे दुसरे ओझे असते. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंद किंवा त्याहून कमी वेळ लागत असेल, तर ती आपल्यापर्यंत पोहोचण्याइतकी जवळ आहे. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे घरातच थांबावे. वीजपुरवठ्याचा मेन स्विच बंद करावा, खिडकीपासून दूर आणि आतल्या भिंतीलगत बसावे.

केळीच्या बागेत सापडलेल्याने घडाच्या झाडांखाली थांबू नये. भरला घड झाडासकट अंगावर येतो. विटांची पक्की मोटार-खोली जवळ असेल तर तिथे जावे, पण स्टार्टर, पाइप किंवा तारेला हात लावू नये. काहीच आडोसा नसेल तर झाडे आणि तारेचे कुंपण सोडून, पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे पडू नये.

फोनवर बोलून बॅटरी आणि नेटवर्क खर्च करू नये. गटाने दोनच निरोप ठरवून घ्यावेत, "सुखरूप" आणि "मदत", आणि ते एसएमएसने पाठवावेत.

सावधान: वारा मध्येच पडतो आणि पाच-दहा मिनिटांनी दुसऱ्या दिशेने पुन्हा सुटतो. उडालेले पत्रे गोळा करायला लोक नेमके याच वेळी बाहेर येतात.

## ७. वारा थांबल्यावरचा पहिला अर्धा तास

आधी तारा, मग दारे, मग छपरे. हा क्रम पाठ करून ठेवावा.

पडलेली प्रत्येक तार चालू आहे असेच समजावे, मग गावात अंधार असला तरी. इन्व्हर्टर किंवा जनरेटरमधून उलटा प्रवाह येऊ शकतो आणि दूरवरून लाईन अचानक सुरू केली जाऊ शकते. तारेपासून किमान दहा मीटर दूर राहावे, एका मुलाला त्या वाटेवर टॉर्च घेऊन सुरक्षित अंतरावर उभे करावे आणि वायरमनला किंवा १९१२ या क्रमांकावर कळवावे. डीपीचा फ्यूज गावातल्या कोणी काढू नये, तो कितीही माहितगार असला तरी.

त्यानंतर प्रत्येकाने फक्त आपल्या जोडघराच्या दारात जावे, माणसे डोळ्यांनी पाहावीत आणि ठरलेल्या एका ओट्यावर बसलेल्या वहीवाल्याला येऊन सांगावे. हाकेला "हो" आले म्हणून परत फिरू नये. आत जाऊन माणसे मोजावीत. वहीतल्या सगळ्या नावांसमोर खूण होईपर्यंत कोणाच्याही पत्र्याला हात लावायचा नाही. हे कठीण जाते, कारण आपल्या डोळ्यांसमोर आपलेच घर उघडे पडलेले असते.

तपासणी: खूण नसलेले नाव राहिले आहे का? ते माणूस शेवटचे कोणी आणि कुठे पाहिले, हे आधी विचारावे आणि मगच शोधायला दोघांना पाठवावे. एकट्याला पाठवू नये.

## ८. घर पडले किंवा माणूस जखमी झाला तर

धाब्याच्या मातीच्या घरांची एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ती वाऱ्याने पडत नाहीत तेवढी नंतर, भिंती भिजून फुगल्यावर पडतात. पाऊस थांबला, सगळे झोपले आणि पहाटे भिंत आली, असा तो घात असतो. छतातून माती झरू लागणे, दार चौकटीत अडकू लागणे, भिंतीला नवी उभी भेग दिसणे, यांपैकी एकही खूण दिसली तर त्या घरात त्या रात्री कोणालाही झोपू देऊ नये.

ढिगाऱ्याखाली माणूस असेल तर आधी ११२ वर फोन करावा, मग सगळ्यांना गप्प करून हाक मारावी आणि ऐकावे. ढिगाऱ्यावर चढू नये. त्या वजनाने आतली पोकळी बसते. वरची माती आणि लाकडे हातांनी, बाजूने काढावीत. माणसाच्या जवळ आल्यावर टिकाव वापरू नये. आधी तोंड आणि छाती मोकळी करावी. बाहेर काढल्यावर त्याला बसवू नये आणि पाणी पाजू नये. पाठीचा कणा सरळ राहील असे फळीवर घ्यावे आणि १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे.

वीज पडलेल्या माणसाला हात लावायला लोक घाबरतात. त्याच्या अंगात वीज उरलेली नसते. श्वास थांबलेला असेल तर लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, साधारण पाच सेंटिमीटर खोल दाब द्यावेत आणि रुग्णवाहिका येईपर्यंत आळीपाळीने चालू ठेवावेत. शेणात पुरणे किंवा मातीत ठेवणे यात जाणारी मिनिटेच त्याचा जीव घेतात.

उडालेल्या पत्र्यांखाली आणि कडब्याच्या गंजीत साप आसरा घेतात, म्हणून पत्रा उचलताना तो आपल्या बाजूने नव्हे, समोरच्या बाजूने उघडेल असा धरावा. चावा झालाच तर अवयव हलू न देता थेट दवाखाना. चिरा नको, आवळपट्टी नको.

## ९. नदीकाठच्या गटांसाठी

तापी, पांझरा, गिरणा, वाघूर किंवा कोणत्याही नाल्याच्या काठावर राहणाऱ्यांनी काठावरच्या एखाद्या खांबाला किंवा दगडी पायरीला रंगाची खूण करून ठेवावी आणि पाणी तिथे आले की निघायचे, असे आधीच ठरवावे. पाणी दारात येईपर्यंत थांबू नये. निघण्याचा क्रम चालता न येणारे, लहान मुले, बाकीची माणसे असा असावा. गुरे हाकत नेता येत नसतील तर दावी सोडून द्यावीत. बांधलेले जनावर उभ्या जागी बुडते, मोकळे बहुधा उंचवट्याला लागते. फरशी-पुलावरून पाणी वाहत असताना ट्रॅक्टरने कोणालाही ओलांडू देऊ नये. ट्रॅक्टर जड आहे म्हणून वाहणार नाही हा गैरसमज आहे, आणि पाण्याखाली पूल जागेवर आहे की नाही हे वरून दिसत नाही.

धरणातून पाणी सोडल्याची खबर १०७७ या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या क्रमांकावर विचारता येते. खबर मिळाली की ती मंदिराच्या किंवा मशिदीच्या भोंग्यावरून सांगावी. वीज गेल्यावर भोंगा बॅटरीवर चालतो का, हे आधी पाहून ठेवावे.

## १०. आवराआवर करण्यापूर्वी पंचनामा

दुसऱ्या दिवशी सकाळी मदतीच्या भरात आडवी केळी तोडून बांधावर टाकली जाते आणि नंतर नुकसान दाखवायला काहीच उरत नाही. आधी फोटो, मग कळवणे, मग पंचनामा, मग सफाई. फोटोत पडलेले पीक, शेतकरी स्वतः आणि ओळखू येणारी एखादी खूण, जसे विहीर किंवा बांधावरचे झाड, एकत्र दिसावी. मोबाईलचे लोकेशन चालू असावे. पीक विम्यात अशा नुकसानीचे संरक्षण असेल तर सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. त्यासाठी १४४४७ हा क्रमांक आहे आणि मिळालेला तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवावा. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांना सातबारा, गट क्रमांक आणि ई-पीक पाहणीची नोंद दाखवावी लागते. जनावर मेले असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याने पाहण्याआधी ते पुरू नये. वीज पडून माणूस दगावला असेल, तर दुःखात कोणाला सुचत नाही, पण शवविच्छेदन आणि पोलिसांचा पंचनामा झाल्याशिवाय कुटुंबाला सरकारी मदत मिळणे अवघड होते. हे त्यांना हलक्या शब्दांत सांगण्याचे काम गटातील एका जाणत्या माणसाने करावे.

ज्यांना लिहिता येत नाही, ज्यांच्याकडे मोबाईल नाही, अशांचे अर्ज गटातील शिकलेल्या मुलामुलींनी भरून द्यावेत. सालदाराच्या नावावर सातबारा नसतो, पण त्याची झोपडी, भांडी आणि शेळ्या यांचे नुकसान झालेले असते. पंचनाम्याला आलेल्या माणसांना तिथपर्यंत नेऊन ते दाखवणे हे मालकाचे काम आहे.

## ११. पाणी, जेवण आणि हिशेब

पाणी उकळी फुटेपर्यंत तापवून प्यावे. गावच्या विहिरीत पुराचे पाणी शिरले असेल तर ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ब्लीचिंग पावडर टाकून घ्यावी. साधारण प्रमाण १,००० लिटरला अडीच ग्रॅम, आणि त्यानंतर किमान एक तास ते पाणी काढू नये. गढूळ विहिरीला प्रमाण जास्त लागते, म्हणून ते स्वतःच्या अंदाजाने टाकू नये.

मदत म्हणून शिजवलेली खिचडी मोठ्या पातेल्यात दिवसभर ठेवण्याची चूक दरवेळी होते. आपल्याकडच्या उकाड्यात ती दुपारीच आंबते. दशम्या, शेंगदाणे, गूळ, फुटाणे, मुरमुरे हे दोन दिवस टिकते आणि वाटायलाही सोपे असते. आधी झोपड्यांवर, मग गल्लीत.

जनरेटर लावला असेल तर तो घरात किंवा ओसरीत नव्हे, उघड्यावर ठेवावा. त्याच्या धुराला वास येवो न येवो, तो बंद जागेत जीव घेतो. डिझेलचा, ताडपत्रीचा आणि तुटलेल्या करवतीचा खर्च त्याच आठवड्यात मांडून वाटून घ्यावा. उशीर झाला की मनात अढी राहते आणि पुढच्या वादळात तो माणूस आपली ताडपत्री काढत नाही.

पंधरा दिवसांनी गट पुन्हा एकदा त्याच ओट्यावर बसवावा. यादीतून कोण गावाला गेले, कोण नवे राहायला आले, कोणाच्या घरी बाळ झाले, ते दुरुस्त करावे. टॉर्चमधले सेल काढून ठेवावेत, नाडे उन्हात वाळवून गुंडाळावेत, आणि शाळेची किल्ली ज्या दोन घरी ठेवली होती तिथे ती अजून आहे का, हे जाऊन पाहावे.